हाडावरची आणि मांसातली गाठ: आधी फोटो, मग सुई, सुरी सर्वांत शेवटी

अंगावर गाठ हाताला लागली की आपल्या सीमाभागात सहसा दोनच गोष्टी घडतात. एक तर ‘आवाळू आहे, आजोबांनाही होते’ असे म्हणून ती वर्षानुवर्षे अंगावर वागवली जाते, किंवा बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी गेल्यावर जवळच्या दवाखान्यात जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात कापून टाकली जाते. पहिल्या प्रकारात बहुतेकांचे काही बिघडत नाही, कारण स्नायू, चरबी, शिरा अशा मऊ भागांत होणाऱ्या साध्या गाठींचे प्रमाण कॅन्सरच्या गाठींच्या जवळपास शंभर पट आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र ज्या एखाद्याची गाठ साधी नसते, त्याचे असे नुकसान होते की ते भरून काढायला पुढे मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि कधी कधी हात किंवा पायही खर्ची पडतो.

माझ्या मावसभावाच्या मांडीतली गाठ अशीच एका दवाखान्यात ‘चरबीची आहे’ म्हणून काढण्यात आली. काढलेला गोळा तपासणीला गेला नाही. बशीत ठेवून नातेवाइकांना दाखवला गेला आणि टाकून दिला गेला. सात महिन्यांनी त्याच व्रणाखाली गाठ परत आली, तेव्हा ती सार्कोमा, म्हणजे हाडात किंवा मऊ ऊतींत सुरू होणारा कॅन्सर, असल्याचे कळले. पहिल्या आडव्या छेदामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेत मांडीचा दुपटीहून मोठा भाग काढावा लागला आणि तिथे दुसरीकडची त्वचा आणून बसवावी लागली. त्या काळात मुंबईच्या फेऱ्या मारताना, डॉक्टरांना प्रश्न विचारताना आणि कागदपत्रे गोळा करताना जे कळले, ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे. हा लेख डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांकडे कोणत्या क्रमाने जावे आणि तिथे काय विचारावे, एवढेच तो सांगतो.

साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ

साध्या गाठी हळूहळू वाढतात, शेजारच्या भागाला ढकलतात पण त्यात घुसत नाहीत, आणि शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. त्वचेखालची चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, ही त्यांतली सर्वांत परिचित. ती मऊ असते, बोटाने ढकलल्यास सरकते आणि बहुधा दुखत नाही. मनगटाच्या मागच्या बाजूला येणारे गँगलियन हे सांध्याजवळच्या दाट द्रवाने भरलेले फुगवटे असतात आणि ते आपोआप लहानमोठे होतात. पाठीवर किंवा डोक्यावर मधोमध काळा ठिपका असलेली गाठ बहुधा त्वचेतल्या ग्रंथीची असते. बोटावर स्नायुबंधाच्या आवरणातून येणारी टणक गाठ, नसेवरची न्यूरोफायब्रोमा, रक्तवाहिन्यांचे जाळे असलेली हेमँजिओमा, अशी ही यादी बरीच लांबवता येईल.

हाडाच्या साध्या गाठींत ऑस्टिओकॉन्ड्रोमा सर्वाधिक आढळते. गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ हाडालाच शिंग फुटावे तशी ती वाढते आणि मुलाची उंची वाढायची थांबली की तीही थांबते. ती एकटी असेल तर कॅन्सरमध्ये बदलण्याचा धोका सुमारे शेकडा एक किंवा त्याहूनही कमी असतो. मात्र वाढीचे वय संपल्यावर ती पुन्हा वाढू लागली किंवा दुखू लागली, तर लगेच दाखवावे. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही गाठ जेमतेम दीड सेंटिमीटरची, पण रात्री झोपमोड करणारी असते. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेतली की ते दुखणे चटकन थांबते, आणि ही खूण एवढी ठळक असते की जाणकार डॉक्टर तो प्रश्न हमखास विचारतात. जायंट सेल ट्यूमर २० ते ४० या वयात, गुडघ्याजवळ किंवा मनगटाजवळ, हाडाच्या टोकाला होतो. तो साध्या गटात मोडत असला तरी हाड आतून पोखरतो, काढल्यावर परत येऊ शकतो आणि क्वचित फुप्फुसातही दिसतो. म्हणून ‘साधी आहे’ हा शब्द ऐकून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. याउलट मुलांच्या हाडात दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये योगायोगाने दिसणाऱ्या काही गाठींना हातही लावावा लागत नाही. त्या वयाबरोबर भरून येतात.

हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये वय फार महत्त्वाचे असते. ऑस्टिओसार्कोमा बहुतेक वेळा १० ते २० या वयात, म्हणजे उंची झपाट्याने वाढत असताना, गुडघ्याच्या आसपास होतो. युइंग सार्कोमाही मुलांमध्ये आणि तरुणांमध्येच अधिक आढळतो. त्यात ताप येतो, सूज गरम लागते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि त्यामुळे हाडात पू झाला आहे असे वाटते. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, बहुधा चाळिशीनंतर होतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हाडात घातक दिसणारा डाग आढळला, तर तो तिथे सुरू झालेला असण्यापेक्षा स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या कॅन्सरमधून आलेला असण्याची किंवा मल्टिपल मायलोमा या रक्तपेशींच्या कॅन्सरचा असण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून तिथे तपासणीची वाटही वेगळी असते.

हे का होते, या प्रश्नाला बहुतेक रुग्णांच्या बाबतीत उत्तर नाही. पूर्वी त्या जागी घेतलेले किरणोपचार, काही अनुवांशिक विकार, हाताला वा पायाला वर्षानुवर्षे राहिलेली लसिकावाहिन्यांची सूज, एवढी कारणे ठाऊक आहेत. निपाणीकडे तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की तंबाखू आठवणे योग्यच आहे, पण मांडीतल्या गाठीसाठी रुग्णाला तंबाखूवरून बोल लावू नये. तालमीत किंवा फुटबॉल खेळताना लागलेल्या मारामुळे कॅन्सर होतो, हाही समज चुकीचा आहे. मार लागल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जाते आणि आधीपासून असलेली गाठ सापडते, एवढेच. या समजाचा खरा तोटा असा की ‘मुका मार आहे, उतरेल’ म्हणत दोन-तीन महिने निघून जातात.

पायरी पहिली: घरी मोजावे, लिहावे

गाठ सापडल्या दिवशी शिंप्याकडचा टेप घेऊन तिची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि तारखेसह वहीत लिहावी. फोनवर फोटो काढायचा असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा. साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे चांगल्या मोठ्या लिंबाएवढी, ही मर्यादा लक्षात ठेवावी. त्याहून मोठी गाठ, आठवड्या-महिन्यांत वाढणारी गाठ, खोल बसलेली गाठ, एकदा काढून परत आलेली गाठ आणि दुखू लागलेली गाठ यांपैकी एक जरी खूण असली, तरी तपासणी झाल्याशिवाय ती कापू देऊ नये. दोन किंवा तीन खुणा एकत्र असतील तर थेट मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा.

गाठ खोल आहे की वरवर, याचा अंदाज घरीही येतो. गाठीच्या जागचा स्नायू घट्ट आवळावा. मांडीत असेल तर पाय सरळ ताणावा, दंडात असेल तर मूठ वळून कोपर दुमडावे. स्नायू आवळल्यावर गाठ अधिक उठून दिसली आणि तरीही सरकत राहिली, तर ती बहुधा त्वचेखाली आहे. ती दिसेनाशी झाली किंवा जागच्या जागी जखडली, तर ती स्नायूच्या आवरणाखाली असू शकते आणि तिचा विचार अधिक गांभीर्याने करावा.

येथे एका उलट्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. मऊ भागातला सार्कोमा सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि ‘दुखत नाही म्हणजे काळजी नाही’ या समजुतीनेच आपली माणसे फसतात. हाडाच्या बाबतीत मात्र दुखणे हीच पहिली हाक असते: काम न करताही दुखणे, रात्री जाग आणणारे दुखणे, आठवड्यागणिक वाढणारे दुखणे. मुलांच्या ‘वाढीच्या वेदना’ संध्याकाळी, दोन्ही पायांत, येतात आणि सकाळी मूल पुन्हा पळू लागते. त्यात सूज नसते आणि मूल लंगडत नाही. एकाच पायाचा एकाच जागी होणारा त्रास दोन-तीन आठवड्यांत थांबला नाही, किंवा त्यासोबत सूज वा लंगडणे असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. ‘परीक्षा होऊ दे’, ‘गळीत हंगाम संपू दे’, ‘सुगी झाल्यावर बघू’ ही तीन वाक्ये मी इतक्या घरांत ऐकली आहेत की ती या यादीत धोक्याची खूण म्हणूनच घालावीशी वाटतात.

पायरी दुसरी: जे करू नये ते

निदान होईपर्यंत गाठीला मालीश करू नये, बिब्बा लावू नये, डाग देऊ नये, गरम लेप बांधू नये. बिब्ब्याने आणि डागाने त्वचा भाजते, जखम चिघळते आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी लागणारी चांगली त्वचा हातची जाते. हाडवैद्याकडे जाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि साध्या मुरगळीत तिचा राग धरण्याचे कारण नाही. परंतु पाय घसरला, ठेच लागली, एवढ्या किरकोळ कारणाने हाड मोडले असेल, किंवा मोडण्याच्या आधी महिनाभर तीच जागा दुखत असेल, तर ते हाड आतून पोखरलेले असण्याची शंका घ्यावी. अशा वेळी ओढून बसवणे आणि पट्ट्या करकचून बांधणे टाळावे, फळीचा आधार देऊन हालचाल थांबवावी आणि एक्स-रेसाठी न्यावे. डॉक्टरांनीही अशा हाडात तपासणीआधी सळई घालू नये, असा संकेत आहे, कारण सळईबरोबर कॅन्सरच्या पेशी हाडभर पसरू शकतात. तेव्हा घाईने ऑपरेशनची तारीख मिळाली, तर ‘हाड आधीपासून कमकुवत होते का?’ हा प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारावा.

याच टप्प्यावर आपल्या देशात आणखी एक चूक होते. हाडाचा क्षयरोग आपल्याकडे आढळतो, त्यामुळे सुजलेला सांधा किंवा पोखरलेले हाड दिसले की काही वेळा तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. युइंग सार्कोमा आणि क्षय यांचे चित्र एक्स-रेवर सारखे भासू शकते. पू किंवा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून खात्री केल्याशिवाय महिनोन्‌महिने गोळ्या घेत बसू नये.

पायरी तिसरी: फोटो

खेड्यांत आजही एक्स-रेला ‘फोटो’च म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो, कारण पहिला फोटो स्वस्त असूनही हाडाच्या गाठीबद्दल सर्वांत जास्त तोच सांगतो. तो समोरून आणि बाजूने असा दोन दिशांनी काढलेला असावा. गाठीच्या कडा रेखीव आहेत की पसरट, हाडाचे वरचे कवच फुटले आहे का, कवचावर नव्या हाडाचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर किंवा सूर्यकिरणांसारख्या रेषा उमटल्या आहेत का, हे त्यावर दिसते. गुडघा दुखत असताना मूळ दुखणे जांघेच्या सांध्यात असू शकते, म्हणून लहान मुलांत दुखऱ्या जागेच्या वरचा सांधाही तपासून घ्यावा.

मऊ भागातल्या वरवरच्या लहान गाठीसाठी सोनोग्राफी पुरते. गाठ पाण्याची आहे, चरबीची आहे की भरीव आहे, हे तिने कळते. खोल, मोठी किंवा संशयास्पद गाठ असेल, तसेच एक्स-रेवर घातक चित्र असेल, तर एमआरआय लागतो. येथे क्रमाला महत्त्व आहे: एमआरआय सुई टोचण्याआधी व्हावा, कारण सुईमुळे झालेला रक्तस्राव आणि सूज नंतरच्या चित्रात मिसळते आणि गाठीची खरी हद्द धूसर होते. हाडाचा एमआरआय असेल तर तो संपूर्ण हाडाचा असावा, कारण त्याच हाडात थोड्या अंतरावर दुसरी लहान गाठ लपलेली असू शकते. अहवालाच्या कागदाबरोबर सीडीही मागून घ्यावी. मोठ्या रुग्णालयात मूळ चित्रेच पाहतात आणि सीडी नसेल तर तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

पायरी चौथी: सुई, आणि ती कोणाच्या हातात असावी

या लेखातले एकच प्रकरण वाचायचे असेल तर हे वाचावे. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ती साधी की कॅन्सरची, हे नक्की सांगता येत नाही. हा तुकडा काढण्याच्या कामाला बायोप्सी म्हणतात. बारीक सुईने केवळ पेशी ओढून घेण्याची तपासणी स्वस्त असली तरी सार्कोमाच्या निदानाला ती बहुधा अपुरी पडते. त्यासाठी जागेवर भूल देऊन जाड पोकळ सुईने काडीसारखे चार-पाच बारीक तुकडे काढतात, आणि आज बहुतेक रुग्णांत एवढ्याने काम भागते.

सुई वाटेत पेशी सांडू शकते, हे खरे आहे. आणि ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती याच अर्धसत्यावर उभी आहे. उपाय असा की सुई जिथून आत गेली तो मार्ग पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच काढून टाकतात. पण त्यासाठी सुई योग्य रेषेवरून गेलेली असली पाहिजे. हातापायावर ही रेषा नेहमी अवयवाच्या लांबीला समांतर, उभी असते. तीच आडवी, चुकीच्या बाजूने किंवा मोठ्या रक्तवाहिनीच्या जवळून गेली, तर दूषित झालेला भाग इतका वाढतो की जो पाय वाचला असता तो कापावा लागतो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद हेन्री मँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अखेरचे उपचार करणाऱ्या केंद्राबाहेर, म्हणजे रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या रुग्णालयात, बायोप्सी झाली असेल तर चुका आणि गुंतागुंती कितीतरी अधिक होतात, आणि त्यांतल्या काहींना त्यामुळेच अवयव गमवावा लागला, असे त्यांना आढळले. त्या अभ्यासाला चाळीस वर्षे उलटली, तरी नियम बदललेला नाही: जो सर्जन अखेरची शस्त्रक्रिया करणार आहे त्यानेच, किंवा त्याने आखून दिलेल्या जागेवरूनच, बायोप्सी व्हावी.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी ‘इथेच तुकडा काढून बघू’ असे म्हटले, तर पुढील वाक्य वापरावे: ‘डॉक्टर, ही कॅन्सरची निघाली तर पुढचे ऑपरेशन तुम्हीच करणार का? नसाल, तर फोटो आणि एमआरआय घेऊन आम्हाला पुढे पाठवा.’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. उलट त्याच्या मनावरचे ओझे हलके होते. आणि गाठ अगदी साधी वाटल्यामुळे तिथेच काढली गेली, तरी काढलेला प्रत्येक गोळा, मग तो कितीही निरुपद्रवी दिसो, फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला गेलाच पाहिजे. बाटलीवर नाव, बाजू आणि तारीख लिहिली आहे का, हे स्वतः पाहावे.

अहवाल आल्यावर त्याचा कागद, काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, असे तिन्ही मागून घ्यावे. सार्कोमाचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत आणि सर्वसाधारण प्रयोगशाळेत त्यांतले थोडेच नित्य दिसतात, त्यामुळे मोठ्या केंद्रात ब्लॉक पुन्हा तपासला गेल्यावर निदान बदलल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची, म्हणजे खास रंग देऊन पेशींचा प्रकार ओळखण्याची, आणि कधी जनुकीय बदलाची तपासणी त्याच ब्लॉकवर होते. त्यासाठी आठ-पंधरा दिवस लागतात. ते दिवस वाया जात नाहीत.

निदान कॅन्सरचे आले तर छातीचा सीटी स्कॅन होतो, कारण सार्कोमा बहुधा सर्वप्रथम फुप्फुसात पसरतो. हाडांसाठी बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन लागू शकतो. चाळिशीपुढच्या रुग्णात रक्तातली प्रथिने, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम तपासतात, आणि मूळ कॅन्सर दुसरीकडे आहे का, याचा शोध घेतात. पन्नाशीच्या स्त्रीचे काही वर्षांपूर्वी स्तनाचे ऑपरेशन झाले असेल आणि आता कंबर किंवा मांडी दुखत असेल, तर तो जुना कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावा.

पायरी पाचवी: कोठे जावे, कोणते कागद न्यावेत

बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये केएलईच्या कॅन्सर रुग्णालयाचे उद्‌घाटनही झाले. हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, बेंगळुरूला किडवाई ही कॅन्सर संस्था आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर आणि मिरज जवळ पडते, खानापूर-कारवारकडच्यांना गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून सुरू आहे आणि तिथे हाड व मऊ ऊतींच्या गाठींसाठी स्वतंत्र विभाग आहे. माझे मत असे की फोटो आणि सोनोग्राफी जवळ करावी, साध्या गाठीचे ऑपरेशनही जवळ करावे, पण सार्कोमाची शंका असेल तर बायोप्सीपासून पुढचे सर्व अशा ठिकाणी करावे जिथे अस्थिशल्यविशारद, केमोथेरपीचे डॉक्टर, किरणोपचारांचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात. अशा एकत्र बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘माझी केस ट्यूमर बोर्डात मांडली जाईल का?’ असे विचारले की त्या ठिकाणाची पारख होते.

पैशांच्या बाबतीत कर्नाटकातील रहिवाशांसाठी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि इतर कार्डधारकांना ठरलेल्या दराचा काही भाग मिळतो. मोठ्या उपचारासाठी खासगी रुग्णालयात जाण्याआधी सहसा सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. ते न घेता दाखल झाल्यावर होणारी धावपळ फार त्रासदायक असते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. आपले गाव त्या यादीत आहे का आणि कोणते दाखले लागतात, हे कोल्हापूर किंवा मुंबईच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, निघण्यापूर्वीच फोन करून विचारावे.

आपल्या भागातली खास अडचण नावाची आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, कन्नडमध्ये छापलेल्या रेशनकार्डावर दुसरे, आणि आधारवर इंग्रजीत तिसरेच वर्णलेखन, असे झाले की योजनेची मंजुरी अडते. गाठ सापडली त्याच आठवड्यात ही नावे जुळवायला घ्यावीत. सरकारी दवाखान्यात कन्नड बोलणारे कर्मचारी भेटले तर ‘गंटु’ किंवा ‘गड्डे’ म्हणजे गाठ, ‘एलुबु’ म्हणजे हाड आणि ‘नोवु’ म्हणजे दुखणे, एवढे शब्द कानावर असले तरी पुष्कळ काम होते. पण संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून मागण्याचा संकोच करू नये.

मुंबईला जाणाऱ्यांनी बेळगाव-मिरजमार्गे दादरला पोहोचणारी चालुक्य एक्स्प्रेस धरली तर उतरल्यावर परळ हाकेच्या अंतरावर आहे. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये भाड्याची पूर्ण सवलत देते आणि सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. त्याचा ठराविक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा गरीब रुग्णांच्या नातेवाइकांचा फार मोठा आधार आहे.

पायरी सहावी: उपचार काय असतील

त्वचेखालची लहान चरबीची गाठ त्रास देत नसेल तर तशीच ठेवली तरी चालते. ऑस्टिओकॉन्ड्रोमा नसेवर दाबत असेल किंवा दुखत असेल तरच काढतात. ऑस्टिऑइड ऑस्टिओमात सीटी स्कॅनच्या साह्याने सुई नेऊन तो बिंदू उष्णतेने जाळतात आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. जायंट सेल ट्यूमरमध्ये हाडाची पोकळी आतून खरवडून साफ करतात आणि तिथे हाडासाठीचे खास सिमेंट किंवा दुसरीकडचे हाड भरतात.

ऑस्टिओसार्कोमात आधी सुमारे दहा आठवडे केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी, असा क्रम असतो. घरच्यांना वाटते, ‘गाठ आत ठेवून औषधे कशाला?’ परंतु फुप्फुसात पोहोचलेल्या, स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशींना मारणे हे पहिले काम असते, आणि काढलेल्या गाठीतल्या ९० टक्क्यांहून अधिक पेशी मेलेल्या निघाल्या तर औषध लागू पडल्याचे कळते. केमोथेरपी येण्यापूर्वी केवळ पाय कापून २० टक्क्यांहून कमी रुग्ण वाचत. आज आजार पसरलेला नसेल तर साठ ते सत्तर टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. बहुसंख्य रुग्णांचा हात किंवा पाय वाचवता येतो. काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवतात. भारतात बनणारे असे सांधे परदेशी सांध्यांपेक्षा बरेच स्वस्त मिळतात. युइंग सार्कोमा केमोथेरपीला आणि किरणांना दाद देतो. बहुतेक कॉन्ड्रोसार्कोमा दोन्हींना दाद देत नाहीत, त्यामुळे तिथे शस्त्रक्रियाच मुख्य.

मऊ भागातल्या सार्कोमात गाठ भोवतालच्या निरोगी थरासह एकसंध काढतात आणि मोठ्या, खोल किंवा आक्रमक गाठीत किरणोपचार जोडतात. ते आधी दिले तर सुमारे २५ दिवस आणि नंतर दिले तर ३० ते ३३ दिवस, आठवड्यातून पाच दिवस असतात. शस्त्रक्रिया मुंबईत करून किरणोपचार बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूरला घेता येतील का, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावून ठरवावे. महिनाभराच्या खोलीचे भाडे आणि बुडणारी रोजंदारी वाचते.

तरुण मुलांच्या बाबतीत केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी वीर्य जतन करण्याविषयी, आणि मुलींच्या बाबतीत प्रजननक्षमता राखण्याविषयी विचारावे. आईवडिलांना हा विषय काढणे अवघड जाते, पण पहिली सलाईन लागल्यावर त्याची वेळ निघून जाते.

घरी परतल्यावर

केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये रुग्ण गावी असताना १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्या वेळी पांढऱ्या पेशी कमी असतात आणि जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे आणि कोणाची गाडी मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे. रुग्णालयाने दिलेल्या सारांशपत्राचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये असावा.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत चार ते सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी असते. तीत शस्त्रक्रियेची जागा आणि छाती दोन्ही पाहतात. व्रणाच्या आसपास नवी गाठ लागली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करावा. जायंट सेल ट्यूमरच्या रुग्णांनीही या तपासण्या चुकवू नयेत. धातूचा सांधा बसवलेल्या माणसाने दात काढण्यापूर्वी किंवा पायाला साधे करट झाले तरी आपल्या सर्जनला विचारावे, कारण रक्तातून आलेले जंतू त्या धातूवर ठाण मांडतात. माझा मावसभाऊ आता सहा महिन्यांनी एकदा दादरला उतरतो, आणि त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत: गाठीचे पूर्ण नाव, ब्लॉकचा क्रमांक आणि पुढची तारीख.